पाय खाली जातोय

ब्रेक मऊ झाला की गाडी एकदम दगा देत नाही, आधी सांगून बघते. पॅडल चिखलात रुतल्यासारखं जातं, दुसऱ्यांदा दाबलं की वर येतं. मी चौथी शिकलेला माणूस, पण उभा जन्म दुधाचा टेम्पो चालवला. गाडी काय बोलते ते मला कळतं. त्या सकाळी डोंगरातल्या आमच्या पालीतनं माझी जुनी व्हॅन घेऊन निघालो, तर पहिल्याच उतारावर पॅडल पार तळाला गेलं. पुन्हा पुन्हा मारलं तेव्हा कुठं गाडी थांबली, तीही बांधाला घासून.

शेजारी बायको होती. तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातनं दोनदा भोरला रक्त धुवायला न्यावं लागायचं आणि त्या दिवशी तिचा नंबर होता. नंबर चुकला की अंगात पाणी साठतं, आडवं पडता येत नाही, दम कोंडतो. हे मला डॉक्टरनं सांगायला नको होतं. भिंतीला टेकून बसल्या बसल्या ती झोपायची, ते मी बघत होतो.

गाडी रखडत माघारी दारात आणली. शेजारचा गडी त्याची जीप घेऊन हजर.

"तात्या, काकूला बसवा जीपात. म्या सोडतो भोरला."

"गाडी हाये माझी."

"हाये की. पर थांबत न्हाई न्हवं!"

भोरला आमची लेक दिलीय. ह्याच गड्यानं तिला फोन करून सांगितलं होतं, म्हाताऱ्याच्या हातात आता गाडी देऊ नका. त्याच्या जीपमध्ये मी बायको बसवणार? "दुपारच्या आत नीट करतो," म्हणालो. तो जीप आमच्या दारातच लावून घरी गेला. "किल्ली लावल्याली हाये," एवढं बोलला.

आधी चाकं बघितली. चारही आतनं कोरडी, तेलाचा थेंब नाही. तेलाची डबी भरलेली. म्हटलं, नळ्यांत हवा शिरली. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका नट, ढिलं करायचं. बुडबुडे आणि तेल बाहेर आलं की निपल आवळायचं, मग पाय काढायचा. घरात आम्ही दोघंच. तिला हाताला धरून ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. एवढा संसार झाला, पण त्या जागेवर ती पहिल्यांदा बसत होती.

"आता मीच नेते तुमास्नी भोरला," ती म्हणाली.

मी गाडीखाली पडून ओरडायचो, "सोडतो गं!" आणि निपल ढिलं करायचो. बुडबुडे यायचे. आवळायचो, परत ढिलं करायचो, परत बुडबुडे. उन्हं वर आली तरी हवा संपेना. मग माझ्या ध्यानात आलं की निपल उघडं असतानाच पॅडल वर येतंय आणि नळी बाहेरची हवा आत ओढतीय.

"अगं, पाय कशाला काढतीस?"

"तुमीच म्हनता की सोड!"

"सोडतो म्हनतोय! मी सोडतो. तू न्हाई सोडायचं!"

"मंग नीट बोलावं मानसानं. खालनं काय ऐकू येतंय?"

शेवटी बैलाचा शब्द काढला. औत थांबवायला आमच्यात 'हो' म्हणतात. म्हटलं, मी 'हो' म्हणालो की पाय हलवायचा नाही, 'उचल' म्हटलं की काढायचा.

"बैल हाये व्हय मी?"

"बैल बरा. सांगितलेलं ऐकतो."

ती हसली. हसता हसता दम लागला, स्टेअरिंगवर डोकं टेकून बसली. मी थांबलो. मग तीच म्हणाली, "चला, म्हना हो."

आता हवा निघाली. पॅडल वर टणक झालं. शेवटच्या चाकाशी होतो तेव्हा ती म्हणाली, "अवो, पाय खाली जातोय."

"मी निपल उघडलं न्हाई अजून. दाबून धर की!"

"धरलाय. त्योच जातोय."

"जोर लाव जरा."

"लावलाय म्हनते न्हवं!"

मला वाटलं, हिच्या पायात जीव राहिला नाही. उठून दारातनं हात घातला आणि तिचा पाय उचलून बाजूला केला. पाय सुजून भाकरीसारखा झालेला. पॅडलच्या रबराच्या रेघा तळव्यात उमटल्या होत्या, त्या भरून येत नव्हत्या. बोटानं दाबलं, तिथंही खड्डा पडला.

तिला उतरवून मी बसलो. दाबून धरलं. आधी टणक, मग पॅडल हळूहळू खाली चाललं. बाहेर थेंब नाही, म्हणजे तेल आतल्या आत सटकत होतं. पॅडलमागं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर असतो, त्याचं रबर खाल्लं गेलेलं. तिचा पाय खरं सांगत होता.

एसटीनं कापूरहोळला गेलो, सिलिंडरच नवा आणला. येईपर्यंत दिवस कलला. ती उंबऱ्याला टेकून तोंडानं श्वास घेत होती. शेजारचा गडी अंगणात उभा.

"आता तरी, तात्या?"

"झालंच," म्हणालो.

सिलिंडर बसवला. परत तिला बसवून हवा काढली. मी 'हो' म्हणत होतो, ती पाय धरत होती.

हे सगळं होईपर्यंत पहाट झाली, उजाडताना निघालो. ब्रेक असा लागत होता की नुसता पाय ठेवावा. भोरला पोचलो तर तिची नखं निळी पडलेली. सिस्टर मशीन जोडता जोडता म्हणाल्या, "बाबा, काल का नाही आणलं आजींना?"

"गाडी बिघडली होती."

बायकोनं तोंडावरची ऑक्सिजनची वाटी बाजूला केली. "जीप दारात हुती, शिस्टर."

एवढंच. माझ्याकडं बघितलं नाही.

दुपारी लेक आली. बायको तिला म्हणाली, "मी आता तुझ्याकडंच ऱ्हाते. हितनं दवाखाना जवळ हाये."

"गाडी नीट झालीया," मी म्हणालो.

"व्हय. गाडी झाली नीट."

एकटाच वर पालीला आलो. दुसऱ्या दिवशी तिची लुगडी आणि गोळ्या पिशवीत भरून परत भोरला गेलो. लेकीनं दारातच पिशवी घेतली. आत ती झोपली होती, आडवी, उशीवर डोकं ठेवून. "उठवू का?" लेकीनं विचारलं.

नको म्हणालो.