घराला नसलेला जिना

समोरच्या अर्धवट इमारतीवर ‘सुरक्षा प्रथम’ असा भला मोठा फलक आहे. परांचीवरून पडलेले दामूअण्णा गवंडी त्याच्याच सावलीत, प्लास्टरमधला पाय पसरून बसले होते.

“भरपाईचा दावा लावा, अण्णा. कायदा आहे,” मी म्हणालो.

“वकीलपण तेच म्हणाले. पण दवाखान्यात मी घरच्या जिन्यावरून पडलो म्हणून सांगून बसलोय. मुकादम आमच्याच गावचा, त्याला कशाला अडकवायचं?”

“मग साक्षीदार?”

“तेही गावचेच की.”

पलीकडे त्यांचं पत्र्याचं खोपट होतं. त्याला उंबरठासुद्धा नव्हता. आयुष्यभर लोकांचे जिने बांधणाऱ्या अण्णांनी स्वतःच्या घराला एकच बांधला, तोही मुकादमासाठी. आणि कायदा आता तेवढाच खरा मानणार.