उजवी कळ

माझा धंदा विचित्र आहे. पुढे काय होणार हे माहीत नसताना माणूस कसा ठरवतो, याचं गणित मी मांडते. पुण्यातल्या एका मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी आमच्याच मावळात लॅपटॉप घेऊन फिरते आणि लोकांना पडद्यावर दोन पिशव्या दाखवते. एकीत निम्मे मणी लाल, निम्मे काळे. दुसरीत किती लाल, किती काळे, कुणालाच ठाऊक नाही. लाल निघाला तर तुम्ही जिंकलात. बोला, कुठल्या पिशवीत हात घालणार? बहुतेक जण न कळणाऱ्या पिशवीला बिचकतात. कोण किती बिचकतो त्याचा आकडा निघतो, आणि त्या आकड्यावर माझी पीएचडी.

नवलाख उंबरे या गावात कारखान्यातले कामगार खेळले, कुसगावात हॉटेलातले. सगळे गणितात बसले. घोटाळा झाला तो माझ्या माहेरी, टाकव्यात. तिथली वयस्कर माणसं उजवीकडचंच बटण दाबत सुटली. पिशव्यांच्या जागा आम्ही अदलून-बदलून ठेवतो, तरी ही मंडळी उजवीकडेच. माझे सर म्हणाले, "यांचं लक्षच नाही. काढून टाक." माझं डोकं फिरलं. लक्ष नसायला ती काय सरांच्या तासाला बसली होती?

खरी चूक सरांच्या शुद्ध मराठीची होती. सूचनेत मी 'बटण' लिहिलं होतं, त्यांनी ते खोडून 'कळ' केलं. 'उजवी कळ दाबा किंवा डावी कळ दाबा.' टाकव्यात हे वाचून दाखवलं की म्हाताऱ्या माणसांना ऐकू यायचं 'कळी'. आमच्याकडे देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या ओल्या अंगावर उजवीकडे-डावीकडे फुलांच्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणून ही माणसं होकाराची बाजू दाबत होती. एक मावशी तर लॅपटॉपपुढे चपला काढून बसली होती. जितकं कमी कळायचं, तितकी ही माणसं जास्त उजवीकडे झुकायची. मी कुणालाही काढलं नाही. या उजवीकडच्या ओढीला गणितात वेगळी जागा दिली आणि गणित जमलं. पुढे बरेच दिवस मी तोऱ्यात होते.

मग अण्णांच्या, माझ्या वडिलांच्या, गळ्याला गाठ आली.

अण्णा शेती करतात, पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती आवाजावरून. बैलगाडा शर्यतीला घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, उभं राहून गाडे पुकारायचं काम त्यांचं. माइक बंद पडला की लोक म्हणायचे, बरं झालं, आता नीट ऐकू येईल.

सुई घालून गाठ तपासली. रिपोर्ट आला तो धड इकडचा ना धड तिकडचा. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर असेल, नसेलही. पूर्ण काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय. काढताना आवाज जाऊ शकतो."

"आन न्हाई काढली तर?" अण्णांनी विचारलं.

"कॅन्सर असला तर पसरेल."

"हाय का न्हाई, त्ये नक्की सांगा की."

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली. मी अण्णांकडे बघायचं टाळलं. न कळणारी पिशवी समोर होती आणि या वेळी मणी पडद्यावरचे नव्हते.

घरी आल्यावर भडका उडाला. आई म्हणत होती, "काढून टाका, माणूस राहिला म्हंजी झालं." अण्णा उसळले, "आन बैलांना काय हातवारं करून बोलवू?" दवाखान्यात संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. दुपारी अण्णा अर्ध्या ताटावरून उठले. "चला, कौल लावू."

मी चिडले, पण गेले. घाबरले होते म्हणून गेले.

गुरवआबांनी देवाला पाणी घातलं, दोन कळ्या चिकटवल्या. "देवा, गाठ काढायची असंल तर उजवी दे. न्हाई काढायची तर डावी दे." आम्ही हात जोडून उभे. कळ्या हलेनात. आमच्या गणितात म्हणतात की मन दोन्ही बाजूंची कारणं गोळा करत राहतं आणि एक पारडं पुरेसं भरलं की निर्णय होतो. उशीर लागला तर समजावं, दोन्हीकडे सारखंच वजन आहे. हे मी वर्गात हसतखेळत सांगते. तिथे मात्र मी डोळे न मिटता उजव्या कळीकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, पड, पड बाई.

कळ्या तशाच राहिल्या. गुरवआबा शेवटी म्हणाले, "आज द्येव बोलत न्हाई. अमावस्या झाल्याव या."

तेवढा वेळ नव्हता. अण्णा बाहेर येऊन पायरीवर बसले.

"द्येव बोलंना. तू बोल पोरी," ते म्हणाले. "तुजा तर ह्योच धंदा हाय."

प्रयोगात आमचा एक नियम आहे. कुठली पिशवी घ्या हे आपण कधी सांगायचं नाही, चेहऱ्यावरूनसुद्धा कळू द्यायचं नाही. मी तो कसोशीने पाळत आले. अण्णांचे डोळे माझ्या तोंडावर होते, आणि आई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"उजवी," मी म्हणाले.

"मंग उजवी," अण्णा म्हणाले आणि चपला घालायला लागले. त्यांच्या तोंडावरचा ताण एकदम उतरला. तो माझ्या अंगावर आला.

ऑपरेशननंतर अण्णांनी तोंड उघडलं तर नुसता वारा आला. वाट बघा, डॉक्टर म्हणाले. वाट बघत असतानाच गाठीचा रिपोर्ट आला. गाठ साधी होती. राहिली असती तरी काही बिघडलं नसतं. आई आनंदाने रडायला लागली.

मी अण्णांच्या खाटेपाशी बसून त्यांना समजावलं. निर्णय बरोबर असला तरी निकाल वाईट लागू शकतो, त्या दिवशी आपल्याला जेवढं माहीत होतं तेवढ्यात तोच निर्णय शहाणपणाचा होता. हे मी मुलांना शिकवते, आणि ते खरं आहे. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून वाऱ्यासारखं काहीतरी म्हणाले. ओठांवरून मला कळलं, "बराबर हाय."

बरोबर नको होतं मला. त्यांनी माझ्यावर गाव गोळा होईल असं ओरडायला हवं होतं, आणि तेच आता त्यांना जमणार नव्हतं.