भाऊजी आणि कडक आच

भट्टीला इतका जीव लावणारा माणूस जगात दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वरोऱ्याला त्यांचा लोखंडावर निकेलचा मुलामा चढवून तो भट्टीत तापवायचा लहानसा कारखाना. बहिणीने एकदा त्या भट्टीत वांगी भाजायचं नुसतं सुचवलं, तर त्यांनी आठवडाभर अबोला धरला. कुठेही गेले तरी नजर लोखंडावर. गोंडपिपरीच्या एका लग्नात अक्षता टाकायच्या सोडून ते खुर्चीचा पाय चाचपत बसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "वरतून चकाचक, अंदरून सडेल आहे!" शेजारी नवरीचा बाप. त्याला वाटलं, जावयाबद्दलच बोलून राहिले. त्याची समजूत घालता घालता जेवणं थंड झाली.

"निकेल कच्चं असते. कडक आच देल्ल्याबिगर माल पक्का होत नाई," असं ते येईल त्याला सांगत. तापवलेल्या निकेलवर कानस फिरवूनही ओरखडा उठला नाही, की लहान मुलासारखे हसत.

मग पोंभुर्ण्याकडच्या त्यांच्या गावातून निरोप आला. तलावाचं पाणी सोडायचं दार उचलायचा आट्यांचा दांडा झिजला होता. भाऊजींनी नवा घडवला, निकेल चढवलं, भट्टीत मनसोक्त तापवलं आणि स्वतः नेऊन बसवला. गावाने हार घातला. पुढच्या वर्षी धान ऐन गर्भावर असताना पाणी सोडायला गेले, तर दांडा हलेना. फार आचेने निकेल कडक झालं होतं खरं, पण आकसून त्याला केसाहून बारीक चिरा पडल्या होत्या. त्यांतून पाणी शिरून आतलं लोखंड गंजलं होतं. दांडा कापून दार उचलेपर्यंत खालच्या बांध्यांमधलं, म्हणजे भातखाचरांमधलं, धान करपलं.

कोणी रागावलं नाही. तलावात मासे धरणारा एक म्हातारा तर म्हणाला, "भाऊ, नवा करून दे. आता आच जराशी कमी ठेव."

भाऊजींनी मंद आचेवर भाजलेला दांडा केला. वर्षभर हौदात बुडवून ठेवला. एक डाग पडला नाही. तरी गावी नेला नाही.

"काऊन नेत नाई, भाऊजी?" मी विचारलं.

"हौदातल्या पान्यावर कोनाचा धान नसते रे."

गावाने शेवटी साधाच दांडा बसवला. वंगण लावून चालवतात. अजून दर जत्रेला भाऊजींना बोलावणं येतं. ते धुतलेले कपडे घालून स्टँडवर जातात. गावाकडे जायची चंद्रपूरची गाडी लागते, भरते, सुटते. मग ते बाजारातून थोडी भाजी घेऊन घरी येतात. बहीण ती निवडायला बसते.