दोन माणसांचा पाटा

आमच्या घरात अकरा माणसं होती आणि मी दोन माणसांची गाडी घेतली. माझं गणित चुकलं असं घरच्यांना वाटलं. चुकलं नव्हतं. मी अगदी हिशोब करून घेतली होती!

लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि नलूशी, म्हणजे खुद्द माझ्या बायकोशी, मला धड चार वाक्यं सलग बोलता आलेली नव्हती. कांदिवलीच्या आमच्या बैठ्या घरात कुठल्याही खोलीत जा, तिथे कोणीतरी तांदूळ निवडत नाहीतर पेपर वाचत बसलेलं असायचंच. दोघांनी बाहेर जावं, तर कारण सांगावं लागे. देवळात जातो म्हटलं की काशीआत्या लगेच चपला शोधायला लागायची. काशीआत्या म्हणजे नानांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. चांगली भारदस्त बाई, अंगानेही आणि आवाजानेही. घरातली कुठलीही खरेदी तिच्याशिवाय होत नसे आणि कुठलीही सहलही होत नसे.

अशा वेळी अंधेरीच्या एका पारशी गृहस्थांनी आपली जुनी विलायती स्पोर्ट्स कार विकायला काढली. युद्धाच्या आधीची, हिरवीगार, वरून उघडी, आणि इतकी बुटकी की बसल्या बसल्या हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. आत जागा दोनच! मी तिथल्या तिथे हरखलो. मागच्या अंगाला एक झाकण होतं. ते उचललं की आणखी दोघांना बसायला एक उघडी बैठक निघायची, तिला डिकी म्हणत. ते झाकण गंजून कायमचं बसलंय, असं मी घरी जाहीर करून टाकलं. (गंजलं वगैरे काही नव्हतं. मी दोन स्क्रू ठोकले होते.)

बेत असा होता की पहिल्याच रविवारी नलूला घेऊन मार्व्याच्या समुद्रावर जायचं. फक्त दोघं. जाता-येता भरपूर बोलायचं. काय बोलायचं, तेसुद्धा मी ऑफिसात फायलीआड बसून ठरवून ठेवलं होतं. पण शनिवारी पोयसरच्या नाल्याजवळ गाडी खड्ड्यात गेली, मागून 'खट्ट' असा आवाज आला आणि गाडी डाव्या बाजूला जी कलली ती कललीच. डावी बाजू म्हणजे नलूची बसायची बाजू. आत्याने ओट्यावरून गाडीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मालकासारखीच आहे हो. बायकोच्या बाजूला झुकलीय." नाना पेपराआड हसले. नलू स्वयंपाकघरात पळाली.

मोडला होता तो मागचा पाटा. गाडीचा पाटा म्हणजे लोखंडाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून, मध्ये आवळून केलेली कमान. गाडीचा सगळा भार तिच्यावर. पट्ट्या कमी असतील तर पाटा मऊ, धक्का अलगद झेलतो. जास्त असतील तर कडक, भार पेलतो पण हाडं खिळखिळी करतो. घोडबंदर रोडला, मालाडच्या बाजूला, गावडेमामांचं ह्या कामाचं दुकान होतं. टांग्यापासून ट्रकपर्यंत कशाचेही पाटे ते बसवून देत. मी गुपचूप जाऊन बघून आलो आणि काय सांगू, माझं नशीबच उघडलं! तिथे एका मोडीत निघालेल्या विलायती गाडीच्या पाट्यांची जोडी लटकत होती. पातळ पट्ट्या, सुरेख बाक, हाताने दाबली तर लाजून खाली जाणारी. त्या जोडीवर मी आणि नलू तरंगत तरंगत मार्व्याला चाललोय, असं मला तिथे उभ्या उभ्या दिसायला लागलं.

चूक झाली ती जेवताना. मी सहज बोलून गेलो, "पाटा मोडलाय, रविवारी नवा घेऊन येतो."

आत्याचा घास हातातच राहिला. पाटा घ्यायला पुरुष माणूस एकटा जाणार, हे तिला सहनच होईना. आमच्या आख्ख्या आळीतले पाटे-वरवंटे तिने निवडलेले होते. बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून, नाद ऐकून ती पाटा पसंत करायची. मी म्हटलं, अगं हा गाडीचा, लोखंडाचा. आणि मला तो मऊ पाहिजे.

"मऊ पाटा?" ती म्हणाली. "मऊ पाटा घेतलास तर चटणीत कच येते, बाळ्या. पाटा कसा, टणक हवा."

चटणीचा इथे संबंध नाही हे मी परोपरीने सांगितलं. ती म्हणाली की दगडाचा असो की लोखंडाचा, पाटा ही आयुष्यभराची वस्तू आहे आणि मी येणार. झालं! रविवारी माझ्या शेजारी, मोडक्या पाट्यावर, नलूच्या जागी काशीआत्या बसली. गाडी डावीकडे इतकी बसली की चाक मडगार्डला घासू लागलं आणि रबराचा धूर निघाला. आत्या वास घेऊन म्हणाली की आसपास कोणाचं तरी दूध करपलंय. मालाडपर्यंत ती त्या घराची कीव करत होती.

गावडेमामा मालवणकडचे, कामाला चोख आणि मितभाषी. त्यांनी दोन जोड्या जमिनीवर मांडल्या. एक माझी ती नाजूक. दुसरी कुठल्याशा ट्रकची कापून आखूड केलेली, जाडजूड, पट्ट्यांवर पट्ट्या. मग हात पुसत त्यांनी जगातला सर्वांत साधा प्रश्न विचारला.

"गाडयेत माणसां किती बसतली? ह्यो पाटो दोन माणसांचो. आणि ह्यो कुटुंबाचो."

दोन! एवढंच म्हणायचं होतं. पण वाचकहो, आमच्या घरात तो शब्द तसा उच्चारायची सोयच नव्हती. आत्या माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर, एका परक्या गृहस्थाला, मी आणि माझी बायको दोघंच फिरायला जाणार आहोत, असं सांगायचं? माझे कान तापले. डोळ्यांसमोर नलू, मार्वे, समुद्र, सगळं होतं, आणि तोंडातून निघालं, "बसतील की... घरचीच आपली... सगळी."

आत्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी आजतागायत विसरलेलो नाही. ती खाली वाकली, दोन्ही पाटे पेराने ठोकून पाहिले. माझा तो नाजूक 'टिंग' वाजला. कुटुंबाचा 'ठण्ण' वाजला. ती म्हणाली, "हा घे. ह्याचा नाद बघ कसा आहे." गावडेमामांनीही मान डोलावली. कुटुंबासाठी म्हटल्यावर त्यांचंही तेच मत होतं.

पाटे बसवता बसवता त्यांना डिकीचे दोन स्क्रू दिसले. बिचाऱ्यांना वाटलं, कोणा अडाण्याने चुकून मारलेत. त्यांनी ते मोफत काढून दिले, झाकण उघडून दाखवलं आणि आणखी दोन माणसं आरामात मावतील म्हणून आनंदाने सांगितलं. आत्याने झाकणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "गंज बरा गेला रे लगेच," एवढंच म्हणाली.

तरी मी हार मानली नव्हती! पुढच्या रविवारी, घर दुपारचं झोपलेलं असताना, मी आणि नलू निघालो. अखेर! फक्त दोघं! नलूने अबोलीची वेणी माळली होती. गाडी मात्र मागून उंच आणि पुढून वाकलेली, रस्त्याच्या पाया पडत असल्यासारखी दिसत होती. मालाडच्या पुढे मार्व्याचा रस्ता लागला आणि कुटुंबाच्या पाट्याने आपला इंगा दाखवला. त्याला पेलायला कुटुंब हवं होतं, आणि आम्ही पडलो दोन किडकिडीत माणसं! खडा आला की गाडी उडे. खड्डा आला की गाडी वेगळी आणि आम्ही वेगळे उडू. मी ठरवलेलं पहिलं वाक्य सुरू केलं, "नलू, मला कि-कि-किती दि-दिवसांपासून..." आणि माझी जीभ चावली गेली. तिने काहीतरी उत्तर दिलं, त्यातलं मला फक्त "आई गं" कळलं. वेणी कुठेतरी ओर्लेमच्या आसपास पडली. शेवटी नलू म्हणाली, "अहो, थांबवा. मी चालत येते." आणि खरंच उतरली! ती रस्त्याच्या कडेने पुढे आणि मी गाडी घेऊन तिच्या मागे, असे आम्ही पहिल्यांदा एकत्र फिरलो. मार्वे आलंच नाही. आम्ही अर्ध्यातून परतलो.

घरी आल्यावर नलूने स्वतःच आत्याला विचारलं, "आत्याबाई, पुढच्या रविवारी तुम्ही येता का आमच्याबरोबर?" आत्याने आढेवेढे घेतले नाहीत.

आणि काय चमत्कार! आत्या डिकीत बसली मात्र, गाडीचा मागचा भाग अदबीने खाली आला आणि गाडी लोण्यावरून घसरावी तशी चालू लागली. त्याहून मोठी गंमत म्हणजे, मागच्या उघड्या बैठकीत वारा इतका की पुढचं अक्षरही आत्याला ऐकू जाईना! म्हणजे गाडीत पुढे मी आणि नलू, आणि आमचं बोलणं ऐकणारं कोणी नाही. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते अखेर जमलं होतं. मी ठरवलेलं ते वाक्य काढणार, इतक्यात नलूच हळूच म्हणाली, "अहो, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की," मी म्हणालो.

"मी मागे जाऊन बसू? आत्याबाई तुमच्या लहानपणच्या गोष्टी फार छान सांगतात. घरात कामातून पुऱ्या ऐकायलाच मिळत नाहीत."

मी गाडी थांबवली. ती टुणकन उतरली आणि मागे जाऊन बसली. मार्व्यापर्यंत मला वाऱ्यावरून दोघींचं हसणं येत राहिलं. काय चाललंय ते कळत नव्हतं, कोणाविषयी चाललंय ते मात्र कळत होतं. पुढे दर रविवारी हाच क्रम पडला.

तेव्हा, त्या गाडीत एकांत मिळाला नाही असं मी कधीच म्हणणार नाही. चांगला भरपूर मिळाला. फक्त मला एकट्याला मिळाला.