उडवलेली ब्रँच आणि गोड चहा

मित्रहो, आज खामगावच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एकाला मी हसत हसत कायमचं घरी पाठवलं.

मीटिंगमध्ये आमचा प्रोग्रामर मंगेश मला म्हणाला, "दादा, वैशालीनं कामच नाही केलं. काढा तिले." त्याच्यासोबत काम करणारी वैशाली समोरच बसली होती, ती रडायला लागली.

सकाळीच पार्टिशनपलीकडून मी मंगेशचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं, "तिची ब्रँच उडवली बे! आता सबूतच नाही."

ब्रँच म्हणजे कोडवर काम करायची वेगळी शाखा; ती उडवली तरी तिच्यात जमा केलेल्या कामाची नोंद, म्हणजे कमिट, सर्व्हरवर काही दिवस राहते. वैशालीनं मला पाठवलेल्या मेलमध्ये त्या कमिटचा नंबर होता. तेवढी एकच कमिट मी ओढून आणली, पडद्यावर लावली आणि वैशालीच्या नावासकट मंगेशलाच मोठ्यानं वाचायला लावली.

"दादा, माफ करा. घरी लहान पोरगी आहे."

"वैशालीलेही आहे ना बे!"

त्याला माझ्यासोबत चहा पाजूनच गेट दाखवलं. खरं सांगतो, मला तो चहा फार गोड लागला. तुम्ही त्याला असं सगळ्यांसमोर न धरता एकट्यात बोलावलं असतं?