लय बरं हाय म्हणणारे तात्या

तात्यांना कुणीही "कसं काय?" असं विचारलं की एकच उत्तर मिळायचं, "लय बरं हाय. तुमचं?" अंगात ताप असो की घरात दाणा नसो, परक्यापुढं आपलं रडगाणं गाऊ नये ही त्यांची रीत. पाठीचा कणा मोडून छातीखालचं अंग निर्जीव झालं, तरी ते उत्तर बदललं नाही.

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. पेडगावच्या शिवारात मेंढरं राखायचे. माझ्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला तेव्हा घरातले सगळे मेंढरामागं कोण जाणार तेच विचारू लागले. तात्याच म्हणाले, "तू पुस्तकामागं जा. मेंढरामागं मी हाय." आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो या एका वाक्यामुळं.

मी शेवटच्या वर्षाला असताना, रस्ता ओलांडणारा कळप वाचवायला ते पुढं झाले आणि भरधाव गाडीनं त्यांना उडवलं. कण्याबरोबर मेंदूलाही मार बसला. दवाखान्यासाठी कळप विकावा लागला, पण तात्यांच्या मनात तो रानात चरतच राहिला. अपघात त्यांना आठवतच नव्हता. सकाळी जाग आली की घाबरून विचारायचे, "आगं, मला उठता का यीना?" मोठीमाय, म्हणजे माझी चुलती, सगळं सांगायची. ते रडायचे, आणि दुपारी पुन्हा तोच प्रश्न. रोज नव्यानं त्यांचे पाय जात होते. पुढं पुढं ती "मुंग्या आल्या असतील" एवढंच म्हणू लागली.

त्यांची कूस बदलून, त्यांना उचलून तिचंच अंग मोडत चाललं होतं. भरपाई मिळाली तर हाताखाली एक माणूस ठेवता येणार होता. म्हणून परभणीच्या कोर्टात दावा लावला.

तारखेच्या सकाळी तात्या हट्टाला पेटले. "सायबापुढं लवंडून बसू का मी? ताठ बसव मला." मग मोठीमायनं जुना पटका त्यांच्या छातीभोवती गुंडाळला, चाकाच्या खुर्चीच्या पाठीला गच्च बांधला आणि वरून सदरा चढवला. बांधलेलं कुणाला दिसत नव्हतं.

विमा कंपनीच्या वकिलांनी हसून विचारलं, "काय तात्या, तब्येत कशी आहे?"

"लय बरी हाय, सायेब. तुमची?"

"सध्या काय करता?"

"काय करणार? मेंढरं राखतो की."

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. दवाखान्याचे कागद होते, पण ताठ बसलेला माणूस स्वतःच्या तोंडानं हे सांगत होता.

मोठीमाय चार माणसांत नवऱ्याचा शब्द खोडणारी बाई नव्हती. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला, खुर्चीमागं गेली आणि गाठ सोडली. तात्या एका अंगावर कलंडले, ते तिच्या खांद्यावरच.

"आगं, काय करायलीस? लोकं बघायलेत!"

"बघू द्या," ती म्हणाली.

तेव्हाची तात्यांची नजर अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

दावा मंजूर झाला. त्यांच्या बाजेशी बसून मी निकाल वाचून दाखवला. अर्जदार पुन्हा चालू शकणार नाही, त्याची स्मरणशक्ती परत येणार नाही, जन्मभर त्याला दुसऱ्याचा आधार लागेल. तात्या कान देऊन ऐकत होते.

"लय वाईट झालं बिचाऱ्याचं," ते म्हणाले. "घरी कोण हाय का त्येला?"

मोठीमायनं तोंड फिरवलं. "बायको हाय."

"मंग बरं. एकदा भेटून येऊ त्येला."

तात्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. सकाळचं दुपारी विसरणाऱ्या त्यांच्या डोक्यात ही एक गोष्ट मात्र कशी कोण जाणे, टिकली. शेवटच्या आठवड्यातसुद्धा मला म्हणाले, "त्या माणसाकडं जायचं राहिलं की रं."