एकलहऱ्यास खोडलेल्या चौतीस विनंत्या

प्रवास करणारा: रामनाथ दगडू आहेर, वय त्रेपन्न, शिक्षण नववी, व्यवसाय अर्जलेखन, बैठक नाशिकच्या कचेरीबाहेर लिंबाखाली.
प्रवास: नाशिक ते एकलहरे व परत, गेल्या पौषातील एका मंगळवारी.
ज्यांच्याकडे गेलो: सौ. विमल मधुकर पगारे, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त.
साक्षीदार: त्यांचे यजमान मधुकरराव, वीज केंद्रातून निवृत्त.
सोबतचा कागद: एका फ्रेंच कादंबरीचा मराठी अनुवाद, माझ्या हातचे टंकलेखन, पाने एकशे नव्वद.

हा तपशील प्रथम नोंदवतो, कारण हकीकत मागाहून नाकारली जाते असा माझा अनुभव आहे. कादंबरीकाराचे नाव मात्र देत नाही. ते मला लिहिता येते, उच्चारता येत नाही. आणि ज्याचे नाव उच्चारता येत नाही त्याचा कागद मी कधी केलेला नाही.

सकाळी नऊच्या बसने निघालो. खिडकीची जागा मिळाली. कागदांची पिशवी मांडीवर घेतली. कंडक्टरने आत काय आहे म्हणून विचारले. कादंबरी आहे असे सांगताच त्याने मान डोलावली व केस कोणावर हाय, असे विचारले. माझा चेहरा या भागात ओळखीचा असल्याने मी राग मानला नाही.

नाशिकरोड मागे पडले की वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. बस कितीही चालली तरी त्या जवळ येत नाहीत, आणि मग एकदम डोक्यावर येतात. रस्त्याकडेच्या बाभळींवर राखड (कोळसा जळून उरलेली बारीक राख) बसलेली होती. मी एक थांबा पुढे उतरलो, त्यामुळे अर्धा मैल मागे चालावे लागले व धोतरासही राखड लागली.

विमलबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झाल्याने काळा चष्मा होता व वाचण्यास बंदी होती. या बाई कारखान्यात परदेशी यंत्रांची माहितीपुस्तके मराठीत करीत. त्यातूनच फ्रेंच शिकल्या. मग सहा वर्षे खपून त्यांनी ही कादंबरी मराठीत आणली. पुण्याच्या प्रकाशकांनी कळवले होते की प्रत त्या मंगळवारच्या कुरिअरने निघाली नाही तर यंदाच्या यादीतून पुस्तक वगळले जाईल. कुरिअर नाशिकरोडहून चार वाजता सुटत असे.

आधी जेवण झाले. बाजरीची भाकरी आणि मेथीचे कोरड्यास (भाकरीबरोबरची पातळ भाजी). मग बाईंना प्रत तपासता यावी म्हणून मधुकररावांनी मोठ्याने वाचायला घेतले.

कादंबरी अशी आहे: एका बंदरगावी एका बाईचा नवरा होडी घेऊन जातो व परतत नाही. ती बंदराच्या कचेरीला अर्ज करते. एकूण चाळीस अर्ज, त्याखेरीज पुस्तकात काही नाही. पहिल्या सहांत रीतसर मागणी आहे. पुढील चौतीसांत मागणीच नव्हती. विमलबाईंकडून घाईत राहिली असावी असे समजून मी ती प्रत्येक अर्जाखाली स्वतः घातली होती, आणि त्याबद्दल दोन शब्द कौतुकाचे ऐकण्याच्या तयारीने बसलो होतो.

सातव्या अर्जाच्या शेवटी मधुकररावांनी वाचले, “तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदाराच्या पतीचा शोध घेऊन न्याय द्यावा, ही नम्र विनंती.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “हे कोणी लिहिलं?”

मी खुलासा केला.

बाईंनी त्या लेखकाची हकीकत सांगितली. तो बंदराच्याच कचेरीत अर्ज घेणारा कारकून होता. निकामी फॉर्मांच्या पाठीवर लिहीत असे. प्रकाशकांनी त्याचे हस्तलिखित अपुरे म्हणून परत केले. छापले गेले तेव्हा वाचकांनी शेवटच्या ओळी गहाळ झाल्याची तक्रार केली. तो जन्मभर एवढेच सांगत राहिला की गहाळ काही नाही.

“आहेरदादा, नवरा येणार नाही हे त्या बाईला समजलंय. ती आता मागत नाही. नुसतं सांगते.”

मी हरकत घेतली. मागणी नसलेला अर्ज साहेब दप्तरी टाकतो, त्यावर कारवाई होत नाही, हे तीस वर्षांच्या अधिकाराने सांगितले.

मधुकरराव हसले. “आहो, दप्तरी टाकलाच हाय त्यांनी. तरी बाई लिहून ऱ्हायली ना.”

बाईंनी तोच अर्ज माझ्या ओळीवाचून वाचायला सांगितला. शेवट असा होता: “धक्क्यावर नवा दिवा लावला आहे. उजेड लांबवर पडतो. आमच्या दारापर्यंत येतो.” मधुकरराव थांबले. मी पुढील वाक्याची वाट पाहत राहिलो. ते आले नाही. हा अर्ज कोणत्या खात्याकडे पाठवावा हे मला सुचेना, आणि असे माझ्या धंद्यात प्रथमच घडले.

दीड वाजला होता. मी पट्टी मागितली आणि चौतीस ठिकाणी स्वतः रेघ मारली. दर वेळी वरचा मजकूर वाचावा लागे, म्हणून उशीर झाला. विसाव्या अर्जाला बाईंनी आपण होऊन चहा ठेवायला सांगितला. शेवटची रेघ ओढली तेव्हा सव्वातीन झाले होते. मधुकररावांनी मला मोटारसायकलवर मागे बसवले. कुरिअरवाला शटर ओढत होता, पण त्याने पाकीट घेतले.

परतीच्या बसमध्ये उभ्याने आलो. आजवर किती लोकांचे सांगणे पुरते ऐकण्याआधी मी त्याखाली विनंती लिहिली असेल, याचा विचार करीत होतो. त्यांतील काहींना कदाचित काहीच मागायचे नव्हते.

सबब, पुण्याचे प्रकाशक महाशय यांस विनंती की, रेघ मारली असली तरी माझ्या ओळी वाचता येतात. आपल्या कार्यालयात माझ्यासारखा एखादा जाणकार असल्यास, त्या चुकून खोडल्या गेल्या असे समजून तो त्या परत घालील. तसे होऊ देऊ नये. चौतीसही अर्ज जेथे थांबतात तेथेच थांबवावेत, आणि तसे केल्याचे सौ. पगारे यांना लेखी कळवावे. त्या दारात बसून असतात.